३३७ टन उचलले, जमीन तशीच: भोपाळच्या सरकारी सफाईचं परीक्षण

सेवेचं स्वरूप: बंद कारखान्यात बेवारस पडलेला घातक रसायनांचा साठा उचलून त्याची विल्हेवाट लावणे. सेवा देणार मध्य प्रदेश सरकार, पैसा केंद्राचा, देखरेख प्रदूषण नियंत्रण मंडळांची, प्रत्यक्ष काम खासगी प्रकल्पाचं. जागा भोपाळच्या युनियन कार्बाइडची. साफसफाईसाठी उच्च न्यायालयात याचिका गेली २००४ साली आणि ट्रक हलले १ जानेवारी २०२५ च्या रात्री. एवढ्या उशिराबद्दल वेगळे गुण कापायचे तर सुरुवातीलाच शून्यावर यावं लागेल. म्हणून उशीर बाजूला ठेवून जे काम झालं तेवढंच तपासू. यापुढे देशात कुठेही असा साठा उचलायची वेळ आली की फाइलीत हाच दाखला जोडला जाणार आहे.

आधी माल काय होता ते. १९६९ साली सुरू झालेला हा कीटकनाशकांचा कारखाना. इथे मिथाइल आयसोसायनेट आणि नॅफ्थॉल यांच्यापासून कार्बारिल, म्हणजे बाजारातलं 'सेविन', बनत असे. डिसेंबर १९८४ च्या वायुकांडानंतर उत्पादन थांबलं. कंपनीचे शेअर विकले गेले आणि नाव बदलून एव्हरेडी झालं (हो, टॉर्चच्या सेलवालीच). १९९८ मध्ये जमीन राज्य सरकारकडे परत आली. मागे राहिलं ते अर्धवट तयार झालेलं कीटकनाशक, नॅफ्थॉलचे अवशेष, रिॲक्टरच्या तळाचा गाळ आणि या सगळ्याने माखलेली माती. २००५ मध्ये हे गोळा करून कारखान्याच्याच आवारात एका शेडखाली ठेवलं. घातक कचरा नियमांनुसार कारखानदाराला असा माल साधारणपणे ९० दिवस ठेवता येतो. इथे तो शेडखाली वीस वर्षं होता, आणि त्याआधीची वीस वर्षं तर नुसता उघड्यावर.

गिऱ्हाईक शोधण्यातही बराच काळ गेला. २००७ मध्ये अंकलेश्वरची भट्टी ठरली, गुजरात सरकारने हात वर केले. २००८ मध्ये चुन्याचा ४० टन गाळ तेवढा पिथमपूरच्या भरावात, म्हणजे घातक कचरा पुरायच्या जागेत, गेला. २०११ मध्ये नागपूरजवळच्या बोरखेडीच्या डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संस्थेच्या) भट्टीचं नाव पुढे आलं, महाराष्ट्रातून विरोध झाला आणि तेही बारगळलं. २०१२ मध्ये जर्मनीची जीआयझेड ही संस्था सुमारे २५ कोटींत माल विमानाने नेऊन जाळायला तयार झाली, पण तिकडे बोंबाबोंब झाल्यावर तिनेही काढता पाय घेतला. शेवटी इंदूरजवळचं पिथमपूरच उरलं. तिथे २०१५ मध्ये दहा टनांची चाचणी झाली होती. त्यानंतर पुढची नऊ वर्षं फाइल फिरत राहिली.

आता काम. पॅकिंग आणि वाहतूक हा या सेवेचा सगळ्यात जमलेला भाग, पाचापैकी चार गुण. हा ३३७ टन माल जंबो बॅगांत भरून १२ बंद, गळतीरोधक कंटेनरांत चढवला. भरणारे कामगार सुमारे शंभर, आणि प्रत्येकाची पाळी तीस मिनिटांची. या तीस मिनिटांवर बऱ्याच जणांनी 'सरकारी कामगार' म्हणून विनोद केले. त्यांनी नखशिखांत बंद सूट आणि श्वसनयंत्र चढवून एकदा पाऊण तास फावडं मारून बघावं. सूटच्या आत घाम सुकत नाही, शरीराचं तापमान चढतं, मुखवट्याच्या काचेवर वाफ धरते. मग माणूस नकळत मुखवटा अर्धा इंच वर करतो, आणि पुढचा श्वास थेट धुळीतला असतो. अशा कामात विषबाधेच्या आधी उष्माघात गाठतो. खासगी ठेकेदार इथेच काटकसर करतात. सूट देतात, पण पाळी आठ तासांचीच ठेवतात.

दुसरी बरोबर केलेली गोष्ट म्हणजे सांडलेली मातीही खरवडून भरली. माल उचलला आणि शेडची जमीन तशीच राहिली, असं अनेक ठिकाणी होतं. इथे ती माती आणि वेष्टनं मिळून आणखी वीसेक टनांची भर पडली, आणि तीही नंतर वेगळी नोंदवून जाळली. हिशोबात अशी भर दिसली की समजावं, वजनकाटा खरा चालला आहे. आधीच्या पंचनाम्यातला आकडा आणि शेवटचा आकडा किलोभरही न चुकता जुळला, तर मात्र कुणीतरी ऑफिसात बसून रकाने भरलेले असतात.

कागदांचं थोडं. घातक कचरा रस्त्यावर आला की फॉर्म १० चं मॅनिफेस्ट, म्हणजे मालाबरोबर जाणारा नोंदीचा कागद, लागतं, सात रंगांच्या सात प्रती. पांढरी प्रत पाठवणारा मंडळाकडे देतो, पिवळी स्वतःकडे ठेवतो, गुलाबी माल घेणाऱ्याकडे, नारिंगी ट्रकवाल्याकडे. हिरवी माल घेणाऱ्याने मंडळाला पाठवायची आणि निळी मूळ पाठवणाऱ्याला परत करायची. करडी फक्त माल दुसऱ्या राज्यात गेला तर. या सातांत खरी किंमत निळीला. ट्रक गेटातून बाहेर पडला याचा पुरावा पिवळी देते, माल ठिकाणावर उतरला आणि किती वजनाचा उतरला याचा पुरावा पाठवणाऱ्याच्या हाती फक्त निळी देते. वाटेत नाल्यात टँकर रिकामा झाल्याच्या ज्या बातम्या येतात, त्या प्रकरणांत पिवळ्या प्रती व्यवस्थित फाइल केलेल्या असतात आणि निळ्या सापडत नाहीत. भोपाळच्या बाबतीत २५० किलोमीटरचा रस्ता मोकळा करून, पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका बरोबर देऊन ताफा एका रात्रीत पोहोचवला. वाटेत काही सांडलं नाही. याचे गुण द्यायलाच हवेत.

एक गुण कापला तो पिथमपूरच्या लोकांसाठी. तिथल्या रहिवाशांना कचरा येतोय हे आधी नीट, त्यांच्या भाषेत, आकड्यांसह कुणी सांगितलंच नाही. ३ जानेवारीला शहर बंद झालं, दोघांनी अंगावर ज्वलनशील द्रव ओतून घेऊन पेटवून घेतलं. भरलेले कंटेनर तसेच उभे राहिले, सरकारला न्यायालयाकडून सहा आठवडे मागून घ्यावे लागले. पॅकिंगवर जेवढं डोकं लावलं त्याचा दहावा हिस्सा आधीच्या महिनाभरात ग्रामसभांवर लावला असता तर हे टळलं असतं.

जाळण्याचा भाग जरा सविस्तर बघावा लागेल, कारण बहुतेकांच्या मनात भट्टी म्हणजे मोठी चूल असते. घातक कचऱ्याच्या भट्टीला दोन कप्पे असतात. पहिल्यात साधारण ८५० अंशांना माल तापतो, त्यातली सेंद्रिय रसायनं वायू होऊन बाहेर पडतात. हा वायू दुसऱ्या कप्प्यात ११०० अंशांच्या वर किमान दोन सेकंद थांबला पाहिजे. ते दोन सेकंद मिळाले नाहीत तर रेणू अर्धेच तुटतात. पुढचा टप्पा तितकाच नाजूक. बाहेर पडणारा वायू ४५० ते २०० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळला तर क्लोरीन आणि उरलासुरला कार्बन पुन्हा एकत्र येऊन डायॉक्सिन हे अतिविषारी रसायन तयार होतं. म्हणून तिथे पाण्याचा फवारा मारून वायू क्षणात थंड करतात, मग चुना आणि ॲक्टिव्हेटेड कार्बनची भुकटी मिसळतात, बॅग फिल्टरमधून गाळतात, स्क्रबरमध्ये धुतात आणि मगच धुरांड्यात सोडतात. चुना आम्लाला मारतो, कार्बन पारा आणि डायॉक्सिन धरतो. पारा जळत नाही, हे लक्षात ठेवावं. तो भट्टीतून फक्त जागा बदलतो.

न्यायालयाच्या परवानगीने फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या. पहिली तासाला १३५ किलो, दुसरी १८०, तिसरी २७०. क्रम योग्य होता. एकाच वेळी जास्त माल ढकलला की पहिल्या कप्प्यात वायूचा लोंढा येतो, दुसऱ्यात ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा टुणकन वर जातो. चालकाची चूक पकडायची असेल तर हाच आकडा बघावा, तो लपत नाही. अर्ध्या तासाच्या सरासरीला १०० मिलिग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा. तिन्ही चाचण्यांचे आकडे मर्यादेत असल्याचं मंडळाने न्यायालयाला सांगितलं आणि उरलेले ३०७ टन तासाला २७० किलोंनी ५ मेपासून जाळायला घेतले. हिशोबाने हे ११३७ तासांचं, म्हणजे साडेसत्तेचाळीस दिवसांचं काम. संपलं ३० जूनच्या पहाटे, म्हणजे पंचावन्न दिवसांत. देखभालीसाठी भट्टी थांबवणं धरलं तर हा फरक विश्वासार्ह वाटतो. चाळीस दिवसांत संपलं असतं तर शंका घ्यायला जागा होती.

तरीही इथे साडेतीनच गुण, आणि कारण आहे डायॉक्सिनचं मोजमाप. गेटवरच्या मोठ्या फलकावर धूळ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड, हायड्रोजन क्लोराइड, कार्बन मोनॉक्साइड हे आकडे सतत पळत असतात. लोकांना दाखवायला तो फलक उत्तम. पण लोकांना ज्याची भीती आहे ते डायॉक्सिन त्यावर नसतंच. त्याची मर्यादा आहे घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम. एवढं कमी प्रमाण पकडायला धुरांड्यात नळी घालून कित्येक तास वायू ओढावा लागतो आणि नमुना देशातल्या मोजक्या प्रयोगशाळांपैकी एकीकडे पाठवावा लागतो. म्हणजे पंचावन्न दिवसांतले काही ठरावीक तास मोजले जातात, बाकीच्यांबद्दल अंदाज. आणि नमुना घ्यायला माणसं आली आहेत हे चालकाला माहीत असतं, त्या दिवशी भट्टी नवरीसारखी सजलेली असते. युरोपात काही ठिकाणी आठवडेच्या आठवडे सलग नमुना गोळा करणारी यंत्रं धुरांड्यावर बसवतात. १२६ कोटींत असं एक यंत्र बसलं असतं.

हो, १२६ कोटी. केंद्राने एवढी रक्कम दिली. ३३७ टनांना भागलं तर टनाला ३७ लाखांच्या वर, किलोला ३,७०० रुपयांहून जास्त. जर्मनीचा २०१२ चा भाव किलोला साधारण सव्वासातशे पडत होता, तोही विमानभाड्यासकट. एरवी कारखान्यांचा कचरा आपल्याकडच्या भट्ट्यांत किलोला दोन आकडी रुपयांत जळतो. चाचण्या, बंदोबस्त, पॅकिंग, देखरेख हे सगळं धरूनही हा दर डोळ्यांवर येतो. कशावर किती गेले याची फोड एका पानावर लोकांपुढे यायला हवी होती.

राखेकडे वळू. ३३७ टन अधिक वीसेक टन जाळले आणि उरली ८०० टनांहून जास्त राख. बातमी आली तेव्हा पुष्कळांना हा घोटाळा वाटला. तो घोटाळा नाही, रसायनशास्त्र आहे, पण त्यातच या सगळ्या उपद्व्यापाचं मर्म आहे. ३३७ टनांपैकी १६२ टन ही माती होती. माती जळत नाही, तिच्यातलं रसायन जळतं आणि माती तेवढीच बाहेर येते. त्यात आम्ल मारायला घातलेला चुना, कार्बनची भुकटी, फिल्टरवर साचलेले क्षार यांची भर. म्हणजे जवळपास अर्धा माल असा होता, की त्यासाठी भट्टी हा उपाय निवडण्याआधी दहा वेळा विचार करायला हवा होता. दूषित माती कमी तापमानाला तापवून फक्त रसायन बाहेर काढायचं आणि तेवढाच वायू जाळायचा, ही पद्धत जगात रूढ आहे. तिला थर्मल डिसॉर्प्शन म्हणतात. तशी विभागणी केली असती तर चुना कमी लागला असता, राख कमी झाली असती.

अशी राख शेवटी जमिनीत पुरावी लागते. घातक कचऱ्याच्या भरावाला तळाशी चिकणमाती आणि प्लास्टिकच्या जाड पत्र्याचे दुहेरी थर, मध्ये गळती गोळा करणारे पाइप, वरून झाकण, चहूबाजूंनी निरीक्षण विहिरी लागतात. पारा आणि इतर धातू पाण्यात सुटू नयेत म्हणून राख आधी सिमेंटसारख्या पदार्थात बांधून घ्यावी लागते. हे बांधकाम वीस-तीस वर्षं सांभाळावं लागतं, कारण प्लास्टिकच्या पत्र्याचे सांधे हीच त्याची दुखरी जागा. वेल्डिंग करताना धुळीचा कण राहिला की पुढे तिथूनच झिरपतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयानेच सरकारला विचारलं, की ही राख वस्तीपासून अवघ्या ५०० मीटरवर का? चाळीस वर्षं वाट पाहिली, तर राखेची जागा जाळण्याआधी ठरवता आली असती. या भागाला दीड गुण.

आणि मूळ जागा? तिथे या सेवेने हात घातलाच नाही. २०१० मध्ये नागपूरच्या नीरी आणि हैदराबादच्या एनजीआरआय या संस्थांनी आवारातल्या दूषित मातीचा अंदाज दिला होता ११ लाख टन. शेडमधून उचललेले ३३७ टन म्हणजे त्यातल्या दर दहा हजार किलोंमागे तीन किलो. कारखान्याचं सांडपाणी उत्तरेच्या तलावांत सुकवायला सोडलं जायचं, तिथून क्लोरीनयुक्त सेंद्रिय रसायनं भूजलात उतरली. २०१८ मध्ये आसपासच्या ४२ वस्त्यांचं भूजल दूषित असल्याचं सांगितलं गेलं. नळाने दुसरीकडचं पाणी पुरवणं हा तात्पुरता इलाज, जमिनीखालचा पट्टा तसाच सरकत राहतो. खऱ्या सफाईत आधी बोअर घेऊन दूषित पट्ट्याची सीमा आखतात, पाणी कुठल्या दिशेला वाहतं ते बघून विहिरी पाडतात, पाणी उपसून शुद्ध करतात, सर्वाधिक दूषित खड्डे खणून काढतात, बाकीच्यावर अभेद्य झाकण घालतात. हे दहा-वीस वर्षांचं काम आहे आणि त्यात रात्रीच्या ताफ्यासारखं फोटोत येणारं काहीच नाही. एक गुण, तोही नीरीच्या अहवालाला.

महाराष्ट्रात हे परीक्षण कामाला येईल ते बंद युनिटांच्या बाबतीत. एमआयडीसीतलं युनिट बुडतं, बँक लिलाव करते, भंगारवाला यंत्रं आणि पिंपं घेतो. रिकाम्या पिंपाला भाव आहे, आतल्या मालाला नाही, म्हणून माल रातोरात नाल्यात जातो. शेजारी असं युनिट दिसलं तर आत जाऊ नये. वाऱ्याच्या वरच्या बाजूने, कुंपणाबाहेरून फोटो काढावेत. पिंपांची संख्या, लेबलं, चौकोनी खुणांवरचे चार आकडी क्रमांक, गळतीचा रंग, जवळचा नाला, हे लिहून एमपीसीबीचं (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) उपप्रादेशिक कार्यालय आणि जिल्हाधिकारी या दोघांना एकाच दिवशी द्यावं. फुगलेलं पिंप विशेष नोंदवावं, आत वायू तयार होत असतो. ते हातोडी-छिन्नीने उघडणारा ठेकेदार दिसला तर काम तिथेच थांबवायला सांगावं. बुच ठिणगी न उडणाऱ्या पितळी पान्याने, चतकोर फेरा करत सैल करायचं असतं. आणि सायनाइड किंवा सल्फाइडची पिंपं आम्लाच्या पिंपांशेजारी रचलेली दिसली तर ती नोंद तक्रारीत सगळ्यात वर टाकावी. दोन्ही गळून एकत्र आली तर जो वायू निघतो तो माणसाला पळायला वेळ देत नाही.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम आणले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी सहामाही द्यायची, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, जबाबदार कोण ते शोधायचं, आणि तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर खर्चाची सोय सरकारने करायची. कागदावर मुदती आहेत, हेच भोपाळच्या तुलनेत मोठं. तक्रारीत या नियमांचा उल्लेख करून तारीख घातली की पुढे मुदतीवर बोट ठेवता येतं. माल उचलला गेला तर तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी, महापे या घातक कचऱ्याच्या प्रकल्पांपैकी कुठे गेला ते विचारावं. महापेला भराव आहे, भट्टी नाही, त्यामुळे द्रावकांची पिंपं तिकडे गेल्याचं कुणी सांगितलं तर भुवई उंचवावी. माहितीच्या अधिकारात अर्ज करताना 'कार्यवाहीची माहिती द्यावी' असं मोघम लिहू नये, उत्तरही मोघम येतं. मॅनिफेस्टचा क्रमांक, निळ्या प्रतीची छायाप्रत आणि दोन्ही टोकांच्या वजनकाट्याच्या पावत्या, एवढंच मागावं.